अलॉय व्हीलवर काय लावायचं? रत्नागिरीतल्या एका पावसाळ्याच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

गाडी घेऊन चार वर्षं होत आली. चाकं १६ इंची, डायमंड-कट अलॉय, दहा आऱ्यांची. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. घर रत्नागिरीत, मांडवीचा किनारा चालत जाण्याच्या अंतरावर. दुपारी वारा सुटला की उभ्या गाडीच्या काचेवर संध्याकाळपर्यंत खारट थर बसतो, बोट फिरवलं की चिकट लागतो. हाच थर चाकांवरही बसतो, फक्त तिथे तो कुणी पुसत नाही.

पावसाळ्याच्या आत चाकांना संरक्षण द्यायचं हे नक्की. वॅक्स, सीलंट की सिरॅमिक, ते ठरवण्यासाठी या नोंदी.

डायमंड-कट चाकाला जास्त जपावं लागतं, त्याचं कारण त्याच्या घडणीत आहे. आधी अख्ख्या रिमला रंग देतात, मग लेथवर पुढच्या बाजूचा पातळ थर कापून चकचकीत ॲल्युमिनियम उघडं करतात आणि त्यावर फक्त पारदर्शक लॅकर चढवतात. कापल्यामुळे आऱ्यांच्या कडा धारदार होतात आणि धारदार कडेवर लॅकर पातळ बसतो. तिथे खडी उडाली, चरा गेला की खारं पाणी आत शिरतं आणि लॅकरखालून पुढे सरकत राहतं.

डाव्या मागच्या चाकावर ते सुरू झालंय. फुटपाथच्या कडेला घासल्याची जुनी खूण आहे आणि तिथून पांढऱ्या, नागमोडी, केसाएवढ्या रेषा आत गेल्या आहेत. वरून नख फिरवलं तर गुळगुळीत. गंज लॅकरच्या वर नाही, खाली आहे. त्यावर कितीही भारी वॅक्स चोळलं तरी तो थांबणार नाही, म्हणून हे चाक आधी दुरुस्त करायचं, मग बाकीचं.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी ऊन चढायच्या आत चारही चाकं नुसत्या शाम्पूने धुतली. चाकं गार असतानाच धुवायची. गरम रिमवर शाम्पू लगेच वाळतो आणि डाग धरतो.

पुढची दोन चाकं शाम्पूनंतरही तपकिरी दिसतात, मागची जवळपास स्वच्छ. ब्रेकचं सगळ्यात जास्त काम पुढे होतं. पॅड आणि बिडाची डिस्क एकमेकांवर घासतात, त्यातून लोखंडाचे तापलेले बारीक कण उडतात आणि थेट लॅकरला चिकटतात. मग ते तिथेच गंजतात. मागे ड्रम असल्याने तिथली धूळ बरीचशी आतच अडकते.

बाबा पायरीवर बसून बघत होते.

"अरे, चाकं ती. चिखलातच जायची. त्यांना मेण कशाला?"

"चिखलात जायची म्हणूनच, बाबा. बॉनेटला एवढं सोसावं लागत नाही."

"आम्ही ॲम्बॅसिडरच्या चाकांच्या डिस्कला दर दिवाळीला चंदेरी रंग मारायचो. वर्षभर बघायला नको."

"ते लोखंड होतं, रंग मारला की झालं. याच्या तोंडावर रंगच नाही. लॅकर गेलं की सगळंच गेलं."

एक जुनी गोष्ट इथे लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी एका वॉशिंग सेंटरवर चाकांवर काहीतरी फवारलं आणि मिनिटभरात काळपटपणा गेला. छान वाटलं, पण वास नाकात झोंबणारा होता, फरशीवर फेस उठत होता. ते ॲसिड होतं. ॲल्युमिनियमला तीव्र ॲसिडही चालत नाही आणि तीव्र अल्कलीही चालत नाही. लॅकर शाबूत असेल तोवर धातू वाचतो, पण जिथे चरा गेलेला असतो तिथे पांढरा डाग कायमचा बसतो. तेव्हापासून चाकं घरीच. बाहेर धुवायची वेळ आलीच तर आधीच सांगतो: चाकांना फक्त शाम्पू, दुसरं काही नाही.

१९ एप्रिल, शनिवार

पर्याय चार.

कार्नोबा वॅक्स. ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर धरणारं मेण. झळाळी सुंदर येते, लावायला सोपं, चुकून जास्त लागलं तरी पुसलं जातं. शुद्ध कार्नोबा साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. डबीत मात्र ते एकटं नसतं, मऊ मेणं आणि सॉल्व्हंट मिसळलेली असतात, म्हणून तयार वॅक्स त्याआधीच मऊ पडतं.

पेस्ट सीलंट. कृत्रिम पॉलिमर. डबी वॅक्ससारखीच, लावायची पद्धतही तीच, पण उष्णता आणि शाम्पू जास्त सोसतं. मी फिनिश केअरचं १०००पी घेतलं, कारण ते जास्त तापमानासाठी म्हणूनच बनवलेलं आहे.

स्प्रे. सिलिका असलेलं पाण्यासारखं द्रव. धुतल्यावर फवारा, पुसा, संपलं. मेहनत सगळ्यात कमी.

सिरॅमिक कोटिंग. छोटी बाटली, सिलिका किंवा पॉलिसिलाझेन. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन काचेसारखा कठीण, अतिशय पातळ थर बनतो. तो नखाने निघत नाही, शाम्पूने निघत नाही, काढायचा तर पॉलिश करूनच काढावा लागतो. जीटेक्निक, गायऑन यांची खास चाकांसाठीची कोटिंगं मिळतात. मी चाकांसाठीचंच निवडलं, बॉडीचं नाही.

ग्राफीन लिहिलेल्या बाटल्या बाजूला ठेवल्या. त्यात ग्राफीन किती आणि ते नेमकं काय करतं हे लेबलवरून कळत नाही. जे कळत नाही त्यावर पैसे घालायचे नाहीत.

आता चाचणी. चार चाकांना चार वस्तू लावणं सोपं, पण त्यातून काहीच कळणार नाही. पुढच्या चाकाला ब्रेकची धूळ, मागच्याला नाही. डाव्या चाकाला रस्त्याच्या कडेचा चिखल, उजव्याला कमी. म्हणून पाचही गोष्टी एकाच चाकावर: डावं पुढचं. दहा आरे, प्रत्येक वस्तूला दोन. व्हॉल्व्हपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने: पहिली जोडी कोरी, दुसरी कार्नोबा, तिसरी पेस्ट सीलंट, चौथी स्प्रे, पाचवी सिरॅमिक. व्हॉल्व्ह सोबत असल्यामुळे खुणा करायची गरज नाही.

उजव्या पुढच्या चाकाला पूर्ण पेस्ट सीलंट, आणि ते मधूनमधून पुन्हा लावत राहायचं. न टिकणारी पण सहज लावता येणारी वस्तू वेळेवर लावत राहिलं तर ती टिकाऊ वस्तूच्या बरोबरीने चालते का, हे मला खरं बघायचंय. मागच्या दोन्हींना पेस्ट.

आतल्या बाजू वेगळ्या. डाव्या पुढच्या चाकाच्या आतून सिरॅमिक, उजव्याच्या आतून पेस्ट.

२७ एप्रिल, रविवार

आज पूर्ण दिवस सफाईचा. लेबलवर लिहिलेलं आयुष्य खाली स्वच्छ लॅकर असेल तरच मिळतं, म्हणून हा दिवस वाया गेला असं मी मानत नाही.

पुढचं चाक काढताना हँडब्रेक ओढून मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी जांभ्याचे चिरे लावले. जॅकवर गाडी उचलून लगेच स्टँड दिले. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून आत हात घालायचा नाही.

पुढची बाजू शाम्पू आणि ब्रशने. मग आयर्न रिमूव्हर, म्हणजे चिकटलेले लोखंडाचे कण सोडवणारं द्रव. फवारल्यावर आधी काहीच होत नाही. अर्ध्या मिनिटाने एखाद्या ठिपक्यातून जांभळी धार सुटते, मग शेजारून दुसरी, आणि दोन-तीन मिनिटांत अख्खी रिम जांभळी होऊन वाहायला लागते. आतल्या बाजूने तर इतकं वाहिलं की फरशीवर जांभळं डबकं झालं. यातला थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावतो, तो हा रंग. वास गंधकाचा. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली: "भावजी, हा केस काढायच्या क्रीमचा वास कुठून येतोय?" अगदी बरोबर ओळखलं. त्या क्रीममध्येही याच कुळातलं रसायन असतं. म्हणून हातमोजे हवेतच. आणि हे वाळू द्यायचं नाही, सावलीतच करायचं, भरपूर पाण्याने धुवायचं.

दुसऱ्यांदा फवारल्यावर बाहेरच्या बाजूला रंग जेमतेम आला. आत मात्र अजून येत होता. आत तिसऱ्यांदा केलं.

डांबराचे ठिपके वेगळे. हातखंबा आणि पालीकडे महामार्गाचं काम चालू असल्यामुळे ते भरपूर आहेत. गॅरेजवाले रॉकेलने काढतात, निघतातही, पण मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर कुठलंच सीलंट धरत नाही. टार रिमूव्हर लावून मऊ होऊ दिले आणि पुसले, पुन्हा शाम्पू. शेवटी क्ले बार (उरलेला मळ ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी), भरपूर पाणी लावून. आऱ्यावर पॉलिथीनची पिशवी हातात घालून बोटं फिरवली की आधी जी खरखर लागत होती ती गेली. चारही चाकं व्हायला संध्याकाळ झाली.

चाकाला वापरलेले ब्रश आणि फडकी एका जुन्या बादलीत, झाकण लावून. ती बॉडीच्या जवळ आणायची नाहीत. त्यात अडकलेला एक लोखंडी कण बॉनेटवर लांब चरा पाडू शकतो.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. डाव्या मागच्या चाकाची कड.

रीतसर उपाय म्हणजे जुनं लॅकर पूर्ण काढून संगणकावर चालणाऱ्या (सीएनसी) लेथवर पुन्हा कट आणि नवं लॅकर. पण दर वेळी धातू कमी होतो, त्यामुळे हा उपाय एका चाकाला पुन्हा पुन्हा करता येत नाही. एवढ्याशा जागेसाठी तो खर्च मला आत्ता पटत नाही.

पांढऱ्या रेषा जिथवर गेल्या होत्या तिथवर सैल झालेलं लॅकर प्लास्टिकच्या पातीने उचललं. ते पापुद्र्यासारखं सुटलं आणि खाली राखाडी भुकटी. मग ८००, १२००, २००० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून, लॅकरची कड उतरती होईपर्यंत. भुकटीचा एक कणही राहता कामा नये, नाहीतर ती आतून पुन्हा सुरू होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, हेअर ड्रायरने कोरडं करून, बारीक ब्रशने टच-अप क्लिअरचे, म्हणजे डागडुजीच्या पारदर्शक लॅकरचे, पातळ थर दिले, मध्ये वाळू देत. लेथच्या बारीक रेषा त्या जागेवर गेल्या, जवळून बघितलं की जागा कळते. पण बंद झाली, आणि मला तेच हवं होतं.

टायरवाल्या दादांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "बाहेरची कड दिसते म्हणून तुम्ही बघता. टायर बसतो त्या आतल्या कडेला गंज धरला की हवा हळूहळू उतरते. लोक पंक्चर शोधत बसतात, सापडत नाही." पुढच्या वेळी टायर उतरवला की ती कड साफ करून घ्यायची, हे त्यांच्याकडे सांगून ठेवलं.

१० मे, शनिवार

आधी सिरॅमिक, कारण त्याला सुकायला वेळ लागतो. बाकीच्या आऱ्यांना मास्किंग टेप.

अल्कोहोल-पाण्याने पुसून कोरडं केलं. ॲप्लिकेटरवर मोजके थेंब, आडवे-उभे हात. थर बसला की त्यावर इंद्रधनुषी झाक येते, आणि ती आली की मऊ फडक्याने पुसायचं. इथे आपल्या हवेचा प्रश्न येतो. कोटिंग ओलाव्यानेच कठीण होतं आणि मे महिन्यात रत्नागिरीची हवा ओथंबलेली असते, त्यामुळे झाक फार लवकर येते. एका वेळी एकच आरा करायचा. दोन केले तर पहिल्यावर पट्टा राहतो, आणि कठीण झालेला पट्टा पॉलिशशिवाय जात नाही. पहाटे गारव्यात बसून केलं ते बरं झालं.

आतली बाजू पटापट झाली. तिथे झाक एकसारखी आहे की नाही याची चिंता नाही.

हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, टेकणारा सपाट भाग आणि नटांच्या निमुळत्या बैठका टेपखाली. तिथे वॅक्स, सीलंट, कोटिंग काहीही लागू द्यायचं नाही. नटाची पकड धातूवर धातू अशीच हवी. ब्रेक डिस्कवर तर थेंबही नको. चाक रात्रभर पडवीत, पाण्यापासून लांब.

११ मे, रविवार

बाकीचे तीन. कार्नोबा आणि पेस्ट पातळ थरात, पेस्ट दोनदा. स्प्रे थेट चाकावर मारला नाही, फडक्यावर घेऊन मगच पुसला, नाहीतर शेजारच्या कोऱ्या आऱ्यांवरही उडाला असता आणि तुलनाच राहिली नसती.

आज बघायला कार्नोबा सगळ्यात देखणा. सिरॅमिक आणि कोरा यांत लांबून फरक नाही.

नट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोरावर.

१८ मे, रविवार

कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरून साखरप्याला थांबलो आणि तापमान मोजलं. घरी ताप बघायचं असतं ते नव्हे, औद्योगिक इन्फ्रारेड थर्मामीटर. चकचकीत धातूवर ते खोटं सांगतं, खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवतं. म्हणून घरून निघतानाच आऱ्यावर आणि हबजवळ काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला होता. टेपवर रोखून: आऱ्याच्या मध्यावर ५८ अंश, हबजवळ ७१. त्याच आऱ्यावर टेपच्या शेजारी, टेप नसलेल्या जागी रोखलं तर ४० सुद्धा नाही. आऱ्यांमधून डिस्कवर रोखलं तर दीडशेच्या वर.

गाडी भरलेली होती आणि उतार बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर काढला, ब्रेक सतत दाबून ठेवला नव्हता. तरी एवढं. म्हणजे "चाक तापतं आणि कार्नोबा वितळून जातं" हे जे सर्रास सांगितलं जातं, ते निदान माझ्या चाकाच्या दर्शनी भागाला लागू नाही. मेण मऊ पडत असेल, वितळून वाहत नाही. मऊ मेणावर धूळ जास्त चिकटते, हे मात्र कार्नोबाच्या आऱ्यांवर आजच दिसलं: तिथला तपकिरीपणा शेजारच्या पेस्टपेक्षा ठळक.

२४ मे, शनिवार

पावसाने या वर्षी वाट बघितली नाही. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन आज दुपारी रत्नागिरी-दापोलीदरम्यान किनाऱ्यावर आला. चार-पाच दिवस झोड आहेच. मोसमी पाऊस आज केरळात पोचल्याचं जाहीर झालंय, म्हणजे आपल्याकडेही आता दिवसांचाच प्रश्न. कोटिंग दहा मे ऐवजी वीसला लावायचं ठेवलं असतं तर ते नीट सुकलंच नसतं. कोकणात सिरॅमिक लावणाऱ्याने एप्रिल धरावा. मेच्या शेवटावर भरवसा ठेवू नये.

१५ जून, रविवार

धुण्याची पद्धत ठरवली ती अशी: आधी पाइपने पाणी, मग शाम्पूचं पाणी ओतून ब्रश न लावता थोडा वेळ थांबायचं, पुन्हा पाणी. त्यानंतर प्रत्येक जोडीवर पांढऱ्या कापडाचा एक तुकडा, एकच हात. पाच तुकडे दोरीवर ओळीने वाळत घालायचे. पाण्याचे मणी किती गोल उभे राहतात हे बघायला मजा येते, पण चाक स्वच्छ किती निघालं ते कापडच सांगतं.

आजची ओळ: कोरा गडद तपकिरी. कार्नोबा त्याच्या जवळपास. स्प्रे फिकट. पेस्ट आणि सिरॅमिक जवळजवळ पांढरे.

१३ जुलै, रविवार

सिरॅमिकच्या आऱ्यांवर मणी दिसेनात. पाणी पसरट, मरगळलेलं, अगदी कोऱ्यासारखं. कापडावरही तपकिरी रेघ. कोटिंग गेलं असं वाटावं अशीच अवस्था. पण कठीण झालेला थर दोन महिन्यांत पावसाने जात नाही, म्हणून आयर्न रिमूव्हर मारला. जांभळं वाहिलं, धुतलं, आणि पाणी पुन्हा टपोऱ्या थेंबांत उभं राहिलं. कोटिंग शाबूत होतं, त्यावर लोखंडाचा आणि रस्त्याच्या मळाचा थर चढून ते झाकलं गेलं होतं.

बऱ्याच लोकांची सिरॅमिकबद्दलची तक्रार इथूनच येत असावी. "वर्ष सांगितलं, महिन्यात गेलं" म्हणतात आणि वरून दुसरं काहीतरी लावतात. आधी लोखंड काढून बघायला हवं.

तीच फवारणी स्प्रेच्या आऱ्यांवर केली तर तिथे काही परत आलं नाही. स्प्रे संपला. कार्नोबा तर केव्हाच संपलाय. उजव्या पुढच्या चाकाला आज पेस्टचा नवा हात दिला: धुणं, वाळवणं, लावणं, पुसणं, चाक न काढता, चहा गार व्हायच्या आत.

१७ ऑगस्ट, रविवार

पेस्टच्या आऱ्यांवर मणी जवळपास नाहीत, पण मळ अजून शाम्पूने सुटतो. चाचणीच्या चाकावर मुद्दाम पुन्हा लावलं नाही. उजव्या चाकाला पुन्हा लावलं.

साखरप्याकडे रस्त्याचं चौपदरीकरण चालू आहे, लाल चिखल आऱ्यांच्या मुळाशी घट्ट बसतो. घरी आल्यावर नुसता पाण्याचा मारा केला तरी बराच जातो. तो चार दिवस तसाच राहिला तर त्याच्याखाली ओल टिकून राहते, आणि ओल खारट असेल तर लॅकरची कड तिथेच फुगते. सीलंटपेक्षाही हे पाणी मारणं मोलाचं आहे.

दुरुस्त केलेली कड ठीक. नवी पांढरी रेषा नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

गणपती आटोपले, आज निवांत दोन्ही पुढची चाकं उतरवली.

डावं, बाहेरून. कोऱ्या आऱ्यांवर तपकिरी ठिपके, आयर्न रिमूव्हर दोनदा मारूनही काही राहिलेच. भिंगाखाली बघितलं तर त्या जागी लॅकरला बारीक खड्डे. एका पावसाळ्यात. कार्नोबा आणि स्प्रेच्या आऱ्यांवर ठिपके आहेत पण निघाले. पेस्टवर जेमतेम. सिरॅमिकवर नाहीत.

उजवं, बाहेरून, पेस्ट वेळोवेळी लावलेलं. सिरॅमिकच्या आऱ्यांशेजारी धरून, उन्हात, सावलीत, भिंगाखाली बघितलं. मला फरक सापडला नाही. कुठे काय लावलंय ते न सांगता भावाला विचारलं, त्यालाही नाही. डाव्या बाजूचा चिखल उजव्यापेक्षा जास्त असतो एवढी सूट देऊनही पेस्टच्या बाजूने हे मोठं मत आहे.

आतल्या बाजू मात्र जमीन-अस्मान. सिरॅमिक दिलेली डावीकडची आतली बाजू शाम्पू आणि ब्रशच्या एका फेरीत चंदेरी झाली. उजवीकडे पेस्ट मेमध्ये एकदाच लावली होती, कारण चाक न काढता तिथे हात पोचत नाही. ती संपली आहे आणि कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) समोर येणारा पूर्ण पट्टा काळा-तपकिरी, खरखरीत. निघायला अर्धी बाटली रिमूव्हर लागला.

म्हणजे वस्तू चांगली कोणती यापेक्षा हात कुठे पोचतो, यावरून ठरवायला हवं. जिथे हात पोचत नाही तिथे सिरॅमिक. जिथे पोचतो तिथे पेस्ट सीलंट, दर सहा-आठ आठवड्यांनी.

बाहेरही सिरॅमिकच का नको, असं भावाने विचारलं. बाहेरच्या बाजूला ओरखडे येतात, फुटपाथ लागतो, टायर बदलताना यंत्राची कड घासते. एवढ्याशा जागेत कोटिंग पुन्हा एकसारखं बसवणं कठीण आहे, पेस्ट मात्र हवं तिथे, हवं तेव्हा लावता येतं. ज्याची गाडी रोज घाटात असते आणि धुवायला महिनोन्‌महिने वेळ मिळत नाही, त्याने बाहेरही सिरॅमिक द्यावं, माझी हरकत नाही. पण मी दर रविवारी गाडीपाशी असतोच.

आणखी एक. पुढच्या चाकांना भारी, मागच्यांना हलकं, असा हिशेब करायचा नाही. टायर रोटेशनला चाकं पुढची मागे, मागची पुढे होतात. चारही चाकांना एकच उपचार.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. गाडीची पूजा. झेंडूचा हार, चाकांना हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू. आईने चारही चाकांना बोटं ओढली, ती ओढूच दिली, मनापासून. पूजा झाल्यावर गाडी लिंबांवरून नेली, रस उडाला तो लगेच पाण्याने धुतला. हळद-कुंकू संध्याकाळी साध्या शाम्पूने. पेस्ट लावलेल्या आऱ्यांवरून हळदीचा पिवळेपणा पूर्ण गेला. दुरुस्त केलेल्या कडेवर टच-अप क्लिअर थोडं मऊ आहे, तिथे किंचित पिवळी झाक राहिली, बघायला वाकावं लागतं.

९ नोव्हेंबर, रविवार

हवा कोरडी झाली. गेल्या रविवारी मागची चाकं, आज पुढची. आतून सिरॅमिक, बाहेरून चाचणीचे सगळे थर हलक्या पॉलिशने काढून एकसारखं पेस्ट. मेच्या मानाने आता कोटिंगची झाक सावकाश येते, दोन हात जास्त वेळ मिळतो. इथून पुढे हे काम नोव्हेंबरातच करायचं.

टायरवाल्या दादांनी डाव्या मागच्या चाकाचा टायर उतरवून बसणारी कड दाखवली. एका जागी पांढरी भुकटी धरली होतीच. त्यांनी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढली, पुसली, बीड सीलर (कडेतून हवा सुटू नये म्हणून लावायचा लेप) लावून टायर चढवला. बॅलन्सिंगची जुनी वजनं काढली तिथे डिंकाखाली पाणी साचलेलं. ती जागाही कोरडी करून मगच नवी वजनं लावायला सांगितली.

"आता स्टेपनीलाही मेण लावणार का?" बाबांनी विचारलं.

"लावणार. ती लोखंडाची आहे, बाबा. तुम्ही चंदेरी रंग आणा, मी पॉलिश पेपर मारून ठेवतो."

शंभरेक किलोमीटर झाले की चारही चाकांचे नट पुन्हा टॉर्कवर तपासायचे. बाहेरच्या पेस्टचा पुढचा हात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात.